चिंतेवरील गोळी : सुरू करताना जपून, थांबवतानाही जपून

छातीत धडधड होते, तळहातांना घाम सुटतो, रात्री डोळा लागत नाही. हृदयाच्या तपासणीत दोष आढळत नाही आणि डॉक्टर चिंताविकाराचे निदान करून गोळ्या लिहून देतात. चार दिवसांत बरे वाटते. गोळ्या संपल्या की तीच जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणल्या जातात. गडचांदूरहून राजुरामार्गे चंद्रपूर गाठून तज्ज्ञांना भेटायचे, तर दिवसाची मजुरी किंवा कारखान्यातील पाळी बुडते. मग दोन आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी दोन वर्षे चालू राहते, नाहीतर एके दिवशी घाबरून एकदम बंद केली जाते. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

औषधांचे दोन प्रकार

चिंताविकारावर मुख्यतः दोन प्रकारची औषधे दिली जातात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे मूळ विकारावर काम करतात. त्यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे, क्वचित अधिक काळ लागतो. सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता जाणवते. ‘गुण नाही’ म्हणून ती मध्येच सोडू नयेत. तरुण रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागल्यास मात्र त्वरित डॉक्टरांना सांगावे.

दुसरा प्रकार अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या बेन्झोडायझेपाइन गटातील औषधांचा. यांतील बहुतेक गोळ्या तासाभरात मन शांत करतात. तीव्र त्रासाच्या काळात, पहिल्या प्रकारच्या औषधाचा गुण येईपर्यंत त्यांचा आधार मोलाचा असतो. पण हा आधार सामान्यतः दोन ते चार आठवड्यांपुरताच असावा. रोज घेतल्यास शरीराला त्यांची सवय लागते, तीच मात्रा अपुरी वाटू लागते आणि रुग्ण स्वतःच मात्रा वाढवतो.

एकदम बंद का करू नये?

दीर्घकाळ घेतलेली ही गोळी अचानक थांबवल्यास थरकाप, निद्रानाश, भ्रम, आकडी असा त्रास होऊ शकतो. प्रसंगी जीवही धोक्यात येतो. याचे उदाहरण शेजारच्या तेलंगणात दिसले. २०१५ मध्ये तेथे भेसळयुक्त ताडीविरुद्ध कारवाई झाली. त्या ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी गुंगी आणणारी द्रव्ये मिसळली जात. पुरवठा तुटताच निझामाबाद, महबूबनगर या भागांतील अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपण औषध घेत आहोत, हे त्यांतील बहुतेकांच्या गावीही नव्हते. चिठ्ठीवरील गोळीची सवय लागलेल्या शरीराचे नियम याहून वेगळे नाहीत. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे वा महिने घेऊन, टप्प्याटप्प्यानेच कमी करावी.

कोणी विशेष जपावे?

ही गोळी आणि दारू, मग ती मोहाची असो वा दुकानातील, कधीही एकत्र घेऊ नये. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांच्याबाबतही हाच धोका आहे. गजकर्णासारख्या बुरशीजन्य विकारासाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल अल्प्राझोलामचा परिणाम धोकादायक पातळीपर्यंत वाढवते. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

ट्रकचालक, रात्रपाळीत यंत्रावर काम करणारे, क्रेन वा पट्ट्याजवळ उभे राहणारे कामगार यांनी आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गुंगी दुसऱ्या दिवशीही टिकू शकते. वृद्धांचा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. गर्भवती व स्तनदा मातांनी, तसेच यकृताचा, दम्याचा किंवा झोपेत घोरून श्वास अडखळण्याचा त्रास असलेल्यांनी ती माहिती लपवू नये.

कायदा काय सांगतो?

अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे ‘एच-१’ या परिशिष्टात मोडतात. हे परिशिष्ट मार्च २०१४ पासून लागू आहे. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि दिलेली संख्या यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. दुकानदाराने जुनी चिठ्ठी नाकारली, तर तो अडवणूक करीत नसून रुग्णाचेच रक्षण करीत असतो.

हे लक्षात ठेवा

• गोळी किती दिवस घ्यायची आणि कशी थांबवायची, हे पहिल्याच भेटीत विचारा.
• एक मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
• आपली गोळी शेजाऱ्याला वा नातेवाइकाला देऊ नका. मुलांच्या हाती लागू देऊ नका.
• अतिझोप, श्वास मंद होणे, आकडी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
• चंद्रपूरला जाणे तत्काळ शक्य नसेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र उपलब्ध आहे.

चिंताविकार हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो बरा होणारा आजार आहे. समुपदेशन, नियमित झोप आणि योग्य औषध यांच्या साहाय्याने बहुसंख्य रुग्ण आपल्या कामावर परततात. वर्षानुवर्षे गोळी घेत असलेल्यांनीही घाबरू नये. आज गोळी न सोडता, प्रथम डॉक्टरांची भेट ठरवावी.