विविक्त गणित संगणकशास्त्रात कसे आले

संच, संबंध, तर्क, आलेख, मोजणीच्या रीती आणि गणिती विगमन ही प्रकरणे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज एकाच पुस्तकात भेटतात. विषयाचे नाव विविक्त गणित. महाविद्यालयात नुसते ‘डिस्क्रीट’. यातले प्रत्येक प्रकरण मात्र वेगळ्या काळी, वेगळ्या कामासाठी घडले. आलेखशास्त्राची सुरुवात ऑयलरने १७३६ च्या सुमारास सोडवलेल्या सात पुलांच्या कोड्यापासून धरतात. संचसिद्धांत कॅंटरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा केला. या सर्वांची मोट बांधली ती संगणकाने, आणि तीही सहजासहजी नाही.

तर्काला बीजगणिताचे रूप देणारी दोन पुस्तके १८४७ साली इंग्लंडमध्ये निघाली. एक जॉर्ज बूलचे, दुसरे ऑगस्टस डी मॉर्गनचे. बूल चांभाराचा मुलगा, गणित बहुतेक स्वतःच शिकलेला. डी मॉर्गनचा जन्म मदुराईचा. ‘दोन्ही अटी खऱ्या आहेत’ हे नाकारायचे तर ‘निदान एक खोटी आहे’ एवढेच म्हणता येते, ‘दोन्ही खोट्या’ असे नाही. डी मॉर्गनच्या नावाचा हा नियम साधा दिसतो, पण प्रोग्रॅममधली अट उलटवताना नवशिके हमखास इथेच अडखळतात.

बूलचे बीजगणित पुढे नव्वद वर्षे तर्कशास्त्रज्ञांपुरतेच राहिले. क्लॉड शॅननला ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात भेटले. नंतर एमआयटीत तो ज्या यंत्रावर काम करत होता ते विकलन समीकरणे सोडवणारे, म्हणजे पूर्णपणे कलनशास्त्राचे. पण त्याचे नियंत्रण रिलेंच्या मंडलाकडे होते. रिले एक तर चालू असतो, नाहीतर बंद. दोन स्विच एकसर जोडले तर दोन्ही चालू असल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. समांतर जोडले तर एक चालू असला तरी पुरतो. हे ‘आणि’ व ‘किंवा’ झाले. शॅननने १९३७ च्या प्रबंधात दाखवले की मंडल आधी समीकरण म्हणून मांडता येते, सोपे करता येते आणि मगच तारा जोडता येतात. पदव्युत्तर प्रबंधाने एवढे काम क्वचितच केले असेल.

विविक्त गणिताच्या अध्यापनातला पहिला मोठा प्रयत्न संगणकासाठी नव्हताच. डार्टमथ कॉलेजात केमेनी, स्नेल आणि थॉम्प्सन यांनी १९५७ साली सांत गणिताचे पाठ्यपुस्तक काढले, त्यात समाजशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विचार होता. हाच केमेनी पुढे बेसिक या संगणकभाषेचा एक जनक झाला. संगणकशास्त्राच्या पदवीसाठी अमेरिकेतल्या एसीएम या संस्थेने १९६८ साली जो नमुना अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात ‘विविक्त संरचनांची ओळख’ हा पायाभूत विषय होता.

त्याची गरज एका उदाहरणातून कळते. वर्णानुक्रमे लावलेल्या १,००० नावांत एक नाव शोधायचे. दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी सोडून दिली, तर १० तुलना पुरतात. का? एका तुलनेत १ नाव तपासता येते. काही तुलनांत जितकी नावे हाताळता येतात, त्याहून एक तुलना जास्त मिळाली तर मधले एक नाव आणि दोन्ही बाजूंना तेवढीच नावे हाताळता येतात. म्हणून १, ३, ७, १५ असे वाढत दहाव्या पायरीला १,०२३. हेच गणिती विगमन, आणि प्रोग्रॅम बरोबर चालतो याची खात्री देण्याची रीतही हीच.

तरीही गणिताची पहिली दोन वर्षे कलनशास्त्राकडेच राहिली, कारण भौतिकी आणि अभियांत्रिकीची गरज ती होती. एसीएमच्या १९७८ च्या अभ्यासक्रमात गणिताशी असलेला धागा आणखी सैल झाला. अँथनी रॉल्स्टन आणि मेरी शॉ यांनी १९८० साली संस्थेच्याच नियतकालिकात त्यावर टीका केली. रॉल्स्टन तर विविक्त गणिताला कलनशास्त्राच्या बरोबरीचे स्थान मागत होते. त्यांची मागणी रास्त होती, पण गणित विभागांनी ती पूर्णपणे कधीच मान्य केली नाही. भारतातल्या महाविद्यालयांत हा विषय मुख्यतः त्रांब्ले-मनोहर आणि सी. एल. लिऊ यांच्या १९७० च्या दशकातल्या पुस्तकांवरून शिकवला गेला.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी यांच्या २००१ च्या संयुक्त अभ्यासक्रमात विविक्त संरचना हे स्वतंत्र ज्ञानक्षेत्र ठरले आणि त्याला ४३ तासांचा अनिवार्य वाटा मिळाला.