कॉर्फू बेटावरील सण-उत्सव

ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात असलेल्या या बेटाचे ग्रीक नाव केर्किरा. इथे १३८६ ते १७९७ व्हेनिसचा अंमल होता, १८१५ ते १८६४ ब्रिटिशांचा. म्हणून सण ऑर्थोडॉक्स, पण थाट इटालियन.

बेटाचे रक्षणकर्ते संत स्पिरिडॉन. चौथ्या शतकातले हे सायप्रसचे बिशप मूळचे मेंढपाळ. कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतर त्यांचा जतन केलेला देह इथे आला. वर्षातून चारदा तो उभ्या, काचा लावलेल्या पालखीतून मिरवतात : झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा शनिवार, ११ ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. शनिवारची मिरवणूक दुष्काळ टळल्याची, ऑगस्टची १७१६ मधला तुर्की वेढा उठल्याची, उरलेल्या दोन सतराव्या शतकातल्या प्लेगमधून वाचल्याच्या. संत बेटभर फिरतात म्हणून त्यांच्या सपाता झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या बदलल्या जातात. बेटावर स्पिरोस नावाचे पुरुष पैशाला पासरी!

संतांच्या मिरवणुकीत लष्करी बँड वाजवायला ब्रिटिशांनी नकार दिला, तेव्हा गावकऱ्यांनी १८४० मध्ये स्वतःचीच फिलहार्मोनिक संस्था काढली. ग्रीसच्या राष्ट्रगीताचे संगीतकार निकोलाओस मांत्झारोस तिच्याशी निगडित होते. गुड फ्रायडेच्या रात्री या बँडचे लाल गणवेशातले वादक अल्बिनोनीचे ‘अदाजिओ’ वाजवत संथ चालतात. (ही रचना खरे तर विसाव्या शतकातल्या रेमो जियाझोत्तोची, पण मिरवणुकीत त्याचे कुणाला काय?) छायाचित्रे माठांचीच निघतात, तरी कॉर्फूचा ईस्टर मुळात कानांनी अनुभवण्याचा आहे.

ते माठ म्हणजे ‘बोतिदेस’. शनिवारी सकाळी अकराला घंटा वाजतात आणि लाल फिती बांधलेल्या गॅलऱ्यांतून, खिडक्यांतून पाण्याने भरलेले मातीचे माठ रस्त्यावर आदळतात. बारके आधी, मग दोघातिघांनी मिळून कठड्यावर टेकवलेला, अरुंद तोंडाचा, दोन कानांचा थोरला. पाण्यामुळे आवाज मोठा होतो. नववर्षाला जुनी भांडी फेकण्याची व्हेनिसची रीत यामागे असावी, असे एक मत. सगळ्यांना पटलेले नाही. खापरीचा तुकडा शुभ म्हणून घरी नेतात. पिनिया चौकात तेव्हाच ‘मस्तेला’चा खेळ : पाण्याने भरलेल्या लाकडी पिंपात येणारे-जाणारे नाणी टाकतात, घंटा होताच जो पहिला आत पडेल त्याची ती कमाई. पूर्वी एखाद्या बेसावध वाटसरूलाच ढकलत.

कार्निव्हलही व्हेनिशियन वळणाचा. त्यातला अस्सल स्थानिक भाग म्हणजे समोरासमोरच्या खिडक्यांतून बायकांनी बोलीत रंगवलेल्या चहाड्यांचे नाट्य, ‘पेतेगोलेत्सा’.

पाहायला जाणाऱ्याने तारीख ऑर्थोडॉक्स गणनेनेच काढावी. वसईच्या चर्चमधला ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी येतो. कॉर्फूतले कॅथलिक मात्र ऑर्थोडॉक्स शेजाऱ्यांबरोबरच तो साजरा करतात.