‘द नाइट क्राय’ (१९२६): खोट्या आळात सापडलेला कुत्रा आणि गिधाड

‘द नाइट क्राय’ हा १९२६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन मूकपट. हर्मन रेमेकर यांनी तो दिग्दर्शित केला आणि वॉर्नर ब्रदर्सने त्याची निर्मिती केली. जॉन हॅरन आणि जून मार्लो यांच्या भूमिका असल्या, तरी खरा नायक आहे रिन टिन टिन हा जर्मन शेफर्ड कुत्रा.

काय आहे कथा?

मेंढपाळांच्या वस्तीत रोज मेंढ्या मारल्या जाऊ लागतात. संशय येतो राखणीच्याच कुत्र्यावर. मेंढी मारणाऱ्या कुत्र्याला जिवंत ठेवायचे नाही, असा तिथला नियम. मालकाला मात्र त्याच्यावर बंदूक चालवणे जमत नाही. तो त्याला लपवतो. खरा गुन्हेगार असतो एक प्रचंड कॉन्डॉर, म्हणजे अमेरिकेतला गिधाडासारखा पक्षी. तो मालकाचे बाळच उचलून नेतो, तेव्हा कुत्रा त्याच्याशी झुंजतो आणि निर्दोष ठरतो.

कुत्रा ‘स्टार’ कसा झाला?

ली डंकन या अमेरिकन सैनिकाला पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, फ्रान्समध्ये हे पिल्लू सापडले. मूकपटात माणसांनाही आवाज नव्हता, त्यामुळे कुत्रा कुठेच कमी पडत नव्हता. पडलेले कान, खाली गेलेली मान, धन्याकडे लागलेली नजर एवढ्यावर प्रेक्षकांना सारे कळे. पुढे बोलपट आले आणि १९२९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच्याशी असलेला करार संपवला. १९३२ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

मग खोटा आळ कोणावर?

कुत्र्यावरचा आळ पुसताना चित्रपटाने तो पक्ष्यावर टाकला. कॉन्डॉर प्रामुख्याने मेलेली जनावरे खातो. त्याची नखे बोथट आणि पायांची पकड कमजोर असते; बाळ उचलून उडणे त्याला शक्यच नाही. उलट माणसांनी केलेली शिकार आणि गोळ्या लागून मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाणारे शिसे यांमुळे कॅलिफोर्निया कॉन्डॉर जवळजवळ संपला. १९८७ मध्ये जगात केवळ २७ पक्षी उरले होते आणि ते सगळे पिंजऱ्यात होते. प्रजननाच्या प्रयत्नांनंतर १९९२ पासून ते पुन्हा निसर्गात सोडले जाऊ लागले.

पडद्यावरच्या कुत्र्याला न्याय मिळायला एक चित्रपट पुरला. या पक्ष्याला मात्र त्यासाठी अनेक दशके वाट पाहावी लागली.