भीमाशंकरची घंटा आणि नहपानाचा ‘ह’

भीमाशंकरच्या देवळापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्यावरचा क्रूस आठवत असेल. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती इकडे आली, अशी परंपरा आहे. ज्या चर्चमध्ये ती वाजत असे तेथील उपासना लॅटिनमध्ये चाले. तेव्हा या डोंगरांना लॅटिनचा वारा लागला तो अठराव्या शतकात, असे आम्हीही समजत होतो. प्रत्यक्षात त्याची चाहूल सोळाशे वर्षे आधीची आहे, आणि ती एका अक्षरात दडलेली आहे.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. याच नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ व्या वर्षाचा, दानलेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. म्हणजे ही राजवट भीमाशंकरच्या शेजारचीच. नाण्यांवर राजाचे नाव ब्राह्मीत आहे, खरोष्ठीत आहे, आणि तिसऱ्यांदा ग्रीक वळणाच्या अक्षरांत. या तिसऱ्या लेखाची भाषा मात्र ग्रीक नव्हे. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हे आपले प्राकृतच परक्या लिपीत बसवलेले आहे. त्यात ‘ह’साठी जे चिन्ह वापरले आहे, त्याचा उच्चार त्या काळच्या ग्रीकांत दीर्घ ‘ए’ असा होता. त्याला ‘ह’ म्हणत ते रोमन लोक! म्हणूनच अभ्यासक या लेखाला ग्रीक-रोमन मिश्र लिपीतला म्हणतात.

मग येथे कोणी लॅटिन शिकत होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. लॅटिन शिकणे म्हणजे काय, हे इजिप्तमधल्या पपायरसांवरून कळते: एका रकान्यात व्हर्जिलचे शब्द, शेजारी त्यांचे ग्रीक अर्थ. सैन्य आणि कायदा यांच्या ओढीने ग्रीकभाषक त्या वाटेला जात. एरवी फारसे कोणी जात नसे. प्लुटार्कसारखा विद्वानही सांगतो, की आपण उतारवयात लॅटिनकडे वळलो आणि शब्दांवरून वस्तू नव्हे, तर वस्तूंच्या परिचयावरून शब्द उमगत गेले.

नहपानाच्या टांकसाळीतही वस्तूच आधी आली असावी. भडोचला रोमन दिनार फायद्याने बदलून घेतले जातात, असे ‘पेरिप्लस’मध्ये नोंदले आहे. त्या नाण्यांवरची अक्षरे पाहणाऱ्याला कोणीतरी त्यांचे ध्वनी सांगितले असले पाहिजेत; नुसत्या नकलेने ‘ह’ नेमक्या जागी पडत नाही. भाषा नाही, व्याकरण नाही, केवळ वर्णमाला. पण तेवढी कोणीतरी शिकले होते. त्याचे नाव मात्र उरले नाही.

उलट दिशेची नावे उरली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांचे दानलेख आहेत. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघाला भोजनमंडप. हे यवन नेमके कोण, यावर वाद आहे. लेख मात्र निखळ प्राकृतात, ब्राह्मीत. परके आपल्या भाषेत लिहीत होते तेव्हा आपला राजा आपली भाषा परक्यांच्या अक्षरांत लिहवून घेत होता.

नहपानानंतरच्या क्षत्रपांनी नाण्यांवर ती अक्षरे ठेवली खरी, पण पुढे त्यांची नुसती नक्षी झाली, अर्थ लागेना. त्याच नाण्यांवरचा ब्राह्मी लेख मात्र वाचता येतो.