कापलेल्या फिन्सची गोष्ट

तलावावर नेण्याच्या माझ्या पिशवीत काळ्या, जाडजूड रबरी फिन्सची एक जुनी जोडी असते. तिची पाती पुढून कापलेली आहेत. ‘‘काका, उंदरांनी खाल्ल्या का?’’ असं मुलं विचारतात. नाही, त्या मीच कापल्या. का, ते सांगण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

पाय मोठा केला की वेग वाढेल, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी बॉस्टनमधल्या बालपणी चित्रकाराच्या पॅलेटसारख्या दोन लाकडी फळ्या केल्या होत्या. सुमारे दहा इंच लांब, सहा इंच रुंद, अंगठ्यासाठी भोक असलेल्या. हातांना वेग आला, पण मनगटं दमली. तळपायांना बांधलेल्या फळ्यांनी मात्र त्यांचं समाधान झालं नाही. पोहताना घोट्याचा आणि पावलाच्या आतल्या बाजूचाही जोर लागतो, तळव्याचाच नव्हे, हे त्यांनी पुढे एका पत्रात नोंदवलं.

ताठ लाकडाला जे जमलं नाही, ते लवचीक रबराला जमलं. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये फिन्सचं पेटंट घेतलं. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक मिळवणारे अमेरिकन ओवेन चर्चिल यांनी १९४० मध्ये त्या अमेरिकेत विकायला काढल्या. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या सैनिकांनी त्या वापरल्या.

तलावात मात्र वेगळीच अडचण आली. लांब पात्यानं पाय संथ आणि मोठा पडतो, तर शर्यतीतली किक छोटी, भराभर आणि कमरेपासून असते. फिन्स काढल्या की पाय पुन्हा गोंधळतात. म्हणून आखूड पाती आली. मार्टी हल यांच्या ‘झूमर्स’ याच विचारातून आल्या. माझ्यासारख्यांनी जुन्याच जोडीला कात्री लावली.

पहिल्या वेळी मी घाई केली. एकदम चार इंच कापलं, एक बाजू तिरकी गेली आणि उजवा घोटा आठवडाभर दुखला. कापलेलं रबर परत जोडता येत नाही. आता मी दोन्ही पात्यांवर खडूनं सारखी रेघ मारतो, अर्धा-पाऊण इंच कापतो, पोहून बघतो, मगच पुढे जातो. टोकं गोल करून कडा सँडपेपरनं घासतो, म्हणजे शेजारच्याला ओरखडा येत नाही.

रबराचे शत्रू म्हणजे ऊन, तेल आणि ताण. क्लोरीनच्या पाण्यातून बाहेर आलो की साध्या पाण्यानं धुतो, सावलीत वाळवतो, वर थोडी टाल्कम पावडर लावतो. पात्यावर उभ्या करून ठेवत नाही, पातं कायमचं वाकतं. पावलाच्या खोबणीत बारीक चीर गेली तर जागा घासून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळ लावतो. पण वाकवल्यावर सगळीकडे भेगा उघडल्या, तर ती जोडी टाकून द्यायची. पाण्यात तुटली तर पाय मुरगळतो.

आणि एक. दोन-चार फेऱ्या झाल्या की फिन्स काठावर ठेवून तीच किक उघड्या पायांनी मारून पाहावी. जमली, तर कापलेली पाती कामी आली.