धनादेशावरचे नाव

एप्रिल २०२०. करोनामुळे अमेरिकेतली हॉटेले आणि शाळा बंद पडल्या होत्या. विस्कॉन्सिनमधले गवळी दूध ओतून देत होते. मांसाच्या कारखान्यांत साथ शिरल्यामुळे विकायला तयार झालेली डुकरे घ्यायला कोणी उरले नव्हते. सरकारने १,९०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली. त्यातले १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांना मिळायचे होते. सप्टेंबरमध्ये आणखी १,४०० कोटींपर्यंतची दुसरी फेरी आली. मदत हवीच होती. पण ती गेली कोणाकडे?

श्रोतेहो, तिथल्या माणसाला हा प्रश्न नावानिशी विचारता येतो, त्यामागे एक जुना झगडा आहे. माहितीचा कायदा अमेरिकेत १९६६ साली झाला. तरीही नव्वदीच्या दशकात कृषी खाते अनुदान घेणाऱ्यांची नावे देत नसे. ती खासगी बाब, असे उत्तर मिळे. १९९५ साली 'एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप' या संस्थेने नुसत्या पिनकोडवरून हिशेब मांडला. शेतीचे धनादेश चक्क महानगरांतल्या पत्त्यांवर जात होते! पण घेणारा कोण, ते कळेना. 'वॉशिंग्टन पोस्ट' कोर्टात गेले आणि १९९६ मध्ये निकाल लागला, की नावे द्यावी लागतील.

२००१ साली त्या संस्थेने सगळी यादी इंटरनेटवर टाकली. त्यात डेव्हिड रॉकफेलर निघाले, बास्केटबॉलचा स्कॉटी पिपेन निघाला. लोकांनी मात्र आधी शेजाऱ्याचे नाव शोधले असणार. आपल्याकडेही तेच झाले असते.

शेतकऱ्यांचा रागही समजण्यासारखा होता. यादीत रक्कम दिसते, कर्ज आणि बुडालेले पीक दिसत नाही. युरोपात दोन जर्मन अर्जदारांनी हीच तक्रार नेली आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने व्यक्तींची सरसकट नावे छापणे रद्द केले. २०१३ मध्ये नवे नियम झाले. लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून बाकीची पुन्हा उघड झाली. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

अमेरिकेतही २००८ च्या शेती कायद्याने शेतकऱ्याने दिलेली जमिनीची माहिती झाकली, पण पैसे घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम उघडी ठेवली. करोनाची मदत म्हणूनच तपासता आली. तिथे दिसले ते असे. माणशी मर्यादा अडीच लाख डॉलर. कंपनीतले तीन भागीदार प्रत्येकी ४०० तास काम किंवा व्यवस्थापन केल्याचे सांगत असतील, तर साडेसात लाख. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी. अर्जातले आकडे अर्जदाराने स्वतःच खरे म्हणून सांगायचे. कागद मागितले तरच दाखवायचे. घाईच्या मदतीत हे चालवून घ्यावे लागते, आणि म्हणूनच मागाहून यादी पाहणारा कोणीतरी लागतो.

आपल्याकडे याच एप्रिलमध्ये पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता लवकर दिला गेला. योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थी दिसतात. अपात्र किती, हा आकडा मात्र माहिती अधिकाराच्या अर्जातून बाहेर आला. जानेवारी २०२१ मध्ये कळले, की २० लाख ४८ हजार अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते.