तांदळावरील बुरशी आणि रक्तांतील मेद

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागांत आषाढ-श्रावणांत बुरशीनें न ग्रासलेली वस्तु सांपडणें कठीण. आंबा घाटाकडचा पाऊस दिवसचे दिवस हटत नाहीं. भिंतींस ओल येते, वहाणांवर निळसर लव उगवते, तांदळाच्या डब्यासहि कुबट वास येतो. गृहिणी ती बुरशी झटकून टाकते. परंतु त्याच घरांतील वडील माणसें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरावें म्हणून रात्रीं जी स्टॅटिनची गोळी घेतात, तिचा उगम अशाच तांदळावरील बुरशींत आहे, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. तो इतिहास येथें सांगावयाचा तो केवळ नवल म्हणून नव्हे.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ शरीरास आवश्यकच आहे. पेशींचीं आवरणें व पित्त यांस तो लागतो, आणि यकृत तो स्वतः तयार करतें. मात्र रक्तांत तो वाजवीपेक्षां वाढला म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सांचतो व हृदयविकारास वाट करून देतो. तेव्हां तो तयार होण्याची क्रियाच अडवावी, हा विचार साहजिक होता. त्याच विचारानें १९६० सालीं अमेरिकेंत ट्रायपॅरानॉल नांवाचें औषध बाजारांत आलें. रक्तांतील आंकडा उतरला. परंतु औषधानें साखळीची शेवटची कडी अडविल्यामुळें अर्धवट बनलेला पदार्थ शरीरांत सांचूं लागला. रोग्यांचे केस गळले, कित्येकांस मोतीबिंदु झाला, आणि १९६२ सालीं तें औषध मागें घ्यावें लागलें. पुढें क्लोफायब्रेट आलें. त्याच्या मोठ्या चांचणीचा निकाल १९७८ सालीं प्रसिद्ध झाला, तो असा कीं हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण एकंदर मृत्यु मात्र वाढले. आंकडा उतरणें आणि आयुष्य वाढणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा येथें मिळाला.

आमच्या देशानेंहि या शोधांत भाग घेतला. सुश्रुतसंहितेंतील मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदु विश्वविद्यालयांत डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं १९६६ सालीं गुग्गुळावर प्रबंध सादर केला. गुग्गुळाच्या अर्काची परीक्षा पुढें मुंबई, नागपूर आदि सात शहरांत झाली. १९८९ सालच्या अहवालांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के उतरल्याचें नमूद आहे. परंतु २००३ सालीं अमेरिकेंत १०३ जणांवर झालेल्या परीक्षेंत अपायकारक कोलेस्टेरॉल उलट किंचित् वाढलें, आणि कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. प्राचीनत्व हा पुरावा नव्हे. परीक्षेस जुनें व नवें दोन्ही सारखींच.

आतां बुरशीकडे वळूं. जपानच्या अकिता प्रांतांतील शेतकरी कुटुंबांत जन्मलेले अकिरा एंडो यांनीं १९७१ पासून सुमारें सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. क्योटोच्या एका दुकानांतील तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशींत १९७३ सालीं त्यांस हवा तो पदार्थ सांपडला. तो साखळीची शेवटची नव्हे, तर आरंभींचीच कडी अडवितो, म्हणून अर्धवट मेद सांचत नाहीं. आणि तूट भरून काढण्यासाठीं यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घेतें. यकृताच्या या ओढून घेण्याचा उलगडा करणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टाइन यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या वर्गांतील पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ हृदयरोग्यांच्या परीक्षेचा निकाल आला: साध्या गोळीवर २५६ दगावले, औषधावर १८२. येथें आंकड्याबरोबर मृत्युहि उतरले.

तथापि हें औषधहि निर्दोष नाहीं. १९७८ सालीं ओसाका येथें डॉ. यामामोतो यांनीं ज्या मुलीस तें प्रथम दिलें, तिचे स्नायु दुर्बळ झाले. मात्रा कमी करावी लागली. याच वर्गांतील सेरिव्हास्टॅटिनमुळें स्नायूंचा नाश होऊन माणसें दगावल्यामुळें २००१ सालीं तें बाजारांतून काढून घेण्यांत आलें. रक्तांतील साखर थोडी वाढण्याचाहि संभव असतो. उलटपक्षीं, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांची परीक्षा २०२० सालीं प्रसिद्ध झाली; तींत दहांतील नऊ हिस्से त्रास औषधविरहित गोळीनेंहि झाल्याचें दिसलें.

रोपलावणीच्या दिवसांत शाहूवाडींत कोणाच्या पोटऱ्या दुखत नाहींत? तेवढ्यावरून शेजाऱ्याच्या सांगण्यानें गोळी टाकून देणें जसें घातक, तसेंच स्नायु फार दुखून लघवी काळसर होत असतांना मुकाट्यानें गोळी चालू ठेवणेंहि घातक. दोन्ही प्रसंगीं वैद्यास विचारणें हाच मार्ग. ज्या औषधांनीं हें विचारूं दिलें नाहीं तीं गेलीं. ज्यानें प्रत्येक प्रश्नास उत्तर दिलें तें टिकलें. रोग्यानेंहि आपल्या गोळीस तेच दोन प्रश्न विचारावेत: तूं मला काय देतेस, आणि माझ्याकडून काय घेतेस?